उत्तर बरोबर, गुण शून्य

उत्तर बरोबर आहे. गुण शून्य.

असा तोंड पाडून उभा राहू नकोस. बस त्या स्टुलावर. वही माझ्यासमोर आहे, तूच काय लिहिलंयस ते तुलाच वाचून दाखवतो. प्रश्न : २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे का? सकारण लिहा. तुझं उत्तर : 'हो, आहे.' कारण : 'मोबाइलवर तपासले.' त्याखाली पट्टीने दोन रेघा. रेघा मात्र झकास आल्यात.

मोबाइलवर तपासले! अरे, मी मोबाइलची शिकवणी घेतो का? त्याला येतं हे मला ठाऊक आहे. त्याची आई मला दर महिन्याला फोन करून 'आमच्याचं कसं चाललंय, सर' असं विचारत नाही. तुझी विचारते. काय सांगू तिला? रेघा छान मारतो म्हणून?

आणि वर मलाच विचारतोस, 'पण सर, उत्तर तर बरोबर आहे ना?' आहे. तोच तर वैताग आहे. चुकला असतास तर निदान कुठे अडखळलास ते दिसलं असतं. अडखळायला आधी चालावं लागतं, बाबा.

काल जिन्यात दुसरं कारण सांगितलंस. 'दहा अंकी संख्या आहे हो, सर. किती भागाकार करणार?' किती? सांग ना. मोठी मोठी म्हणून गळा काढतोस, मोजलंस का? वर्गमूळ काढलंस? ४६३४० आणि वर थोडं. भाजक असलाच तर त्यातला एक तरी ४६३४० च्या आत सापडायलाच हवा. तिथवरच्या मूळ संख्या साधारण ४८००. रोज शंभर भागाकार केले असतेस तरी दीड-पावणेदोन महिन्यांत काम उरकलं असतं. दिवाळीनंतर किती महिने गेले?

बरं, तेवढेही करायचे नव्हते. आणि हे तुला माहीत होतं. नाही म्हणू नकोस. या पानाच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलंयस. चष्मा नवा आहे माझा, खोडलेलंही दिसतं. '२ चा ३१ वा घात वजा १' असं लिहिलं होतंस. म्हणजे संख्येची नाडी तुला सापडली होती! सापडली, आणि मग खोडरबर घेतलास. का? आता पुढे काहीतरी करावं लागणार, याचा वास आला म्हणून. कोऱ्या समासाचा मला राग आला नसता. या खोडलेल्या ओळीचा आलाय.

दिवाळीच्या सुट्टीआधी याच फळ्यावर फर्माचा लिटल थेरम कोणी सिद्ध केला होता? खडूने हात पांढरे करून, तोऱ्यात? मूळ संख्या घ्या, तिने भाग न जाणारी कुठलीही संख्या घ्या, तिचा 'मूळ वजा एक' एवढा घात करा, बाकी १. पाठ होतं तुला. अजूनही आहे. म्हणून तर म्हणतो, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग तो थेरम कशासाठी शिकलास? भिंतीवर फ्रेम करून लावायला?

ऐक. 'भ' हा या संख्येचा मूळ भाजक आहे असं धर. मग २ चा ३१ वा घात भ ने भागला तर बाकी किती? १. आता २ चे घात एकेक करत निघालास, तर १ ही बाकी पहिल्यांदा कितव्या पावलाला येईल? त्या पावलांच्या संख्येने ३१ ला भाग जायला हवा. ३१ ला भाग कशाकशाने जातो? १ ने आणि ३१ ने. पहिल्याच पावलाला बाकी १ येणं शक्य नाही. राहिलं ३१. आणि फर्मा सांगतो की 'भ वजा १' व्या पावलालाही बाकी १ च असते. म्हणजे 'भ वजा १' ला ३१ ने भाग जाणारच. भ विषम, म्हणून ६२ ने जाणार. झालं. भाजक असलाच तर तो ६२ च्या पाढ्यात, एक घर पुढे. बाकी सगळ्या मूळ संख्या गेल्या घरी.

अजून चाळणी बारीक करता येते. २ च्या ३२ व्या घाताची बाकी २. आणि ३२ वा घात म्हणजे १६ व्या घाताचा वर्ग. म्हणजे भ च्या राज्यात २ हा कुणाचा तरी वर्ग आहे. हे कधी होतं? भ ला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते तेव्हाच. हेही शिकवलं होतं, त्या दिवशी तू खिडकीतून क्रिकेट बघत होतास. दोन्ही अटी एकत्र कर. भाजक २४८ च्या पाढ्याच्या एक पुढे तरी असेल, नाहीतर ६३ पुढे. ४६३४० च्या आत असे उमेदवार किती? ३७२.

दोनशे चौदा कोटींच्या वरची संख्या, आणि तिच्या दारात उभे ३७२ जण. त्यांच्यातही खोगीरभरती. पहिले दहा बघ : २४९, ३११, ४९७, ५५९, ७४५, ८०७, ९९३, १०५५, १२४१, १३०३. २४९ ला ३ ने भाग जातो. ४९७ ला ७ ने. ५५९ म्हणजे १३ गुणिले ४३. ७४५ बद्दल बोलायलाच नको. १२४१ हा १७ गुणिले ७३. दहातून उरले दोन, ३११ आणि १३०३. असं करत गेलास तर शेवटी शंभरच्या आतच उरतात. त्या शंभराच्या आतल्या संख्यांना घाबरून तू मोबाइल काढलास?

'पण दहा अंकी संख्येला ३११ ने भागायचं म्हणजे...' भागायचं कोणी सांगितलं? बाक्यांशी खेळ. २ चा आठवा घात २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी. ५५ चा वर्ग ३०२५, ३११ ने भागून बाकी २२६, म्हणजे ३११ ला ८५ कमी. हा सोळावा घात. ८५ चा वर्ग ७२२५, बाकी ७२. हा बत्तिसावा. त्याचा निम्मा ३६, हा एकतिसावा. वजा १, पस्तीस. शून्य आलं का? नाही. ३११ बाद. एवढं बोलायला मला चहा निवायच्या आत जमलं. आणि हे सगळं बसच्या तिकिटाच्या मागे मावतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ऑयलरने केलं, सेंट पीटर्सबर्गमध्ये, आणि १७७२ मध्ये ते छापून आलं. पासष्टीचा माणूस. एक डोळा तरुणपणीच गेलेला, दुसऱ्यातल्या मोतीबिंदूचं ऑपरेशन १७७१ मध्ये बिघडलं, जवळजवळ अंधारच. बोलून दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा. त्याने तुझ्याकडे पाठवली का चिठ्ठी, की आज डोळे चुरचुरतायत, भागाकार जमणार नाहीत? तू कालच पाठवली होतीस मला. हातात स्क्रीन धरून बसल्यामुळे चुरचुरले होते ते सोडून दे.

तुझी गाठ खरी कोणाशी पडते सांगू? बोलोन्याच्या कातालदीशी. १५८८ च्या सुमारास त्या गृहस्थाने २ चा १७ वा घात वजा १ आणि १९ वा घात वजा १ या दोन्ही मूळ आहेत हे दाखवलं. खपून, भागून भागून. ५२४२८७ साठी ७२४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून बघायच्या, थट्टा नाही. तिथवर त्याला मुजरा. पुढे मात्र हात सैल सुटला. २३, २९, ३१ आणि ३७ हे घात घेतले तरी संख्या मूळच येते, असं तो सांगून मोकळा झाला. १६४० मध्ये फर्माने २३ आणि ३७ उडवले. २३ साठी भाजक ४६ च्या पाढ्याच्या एक पुढे हवा. पहिलाच उमेदवार ४७. आणि ४७ गुणिले १७८४८१ म्हणजेच ८३८८६०७. पहिल्या पायरीवरच पाय घसरला! पुढे १७३८ मध्ये ऑयलरने २९ उडवला. राहिला ३१. तो खरा निघाला.

आता मला सांग, ३१ बद्दल कातालदी बरोबर होता की नव्हता? उत्तर बरोबर होतं. तुझ्यासारखंच. चार बाणांतला एक लागला, त्याला नेमबाजी म्हणायचं का? मोबाइल चुकणार नाही असं तू म्हणशील. नसेल चुकत. पण तू कशावरून म्हणतोयस की तो चुकला नाही? तपासायची तुझ्याकडे सोय काय? त्याने उद्या ८३८८६०७ ही मूळ संख्या आहे असं ठोकून दिलं, तर तू तिच्याखालीही दोन रेघा मारशील.

हे मी उगीच बोलत नाही. शनिवारचं आठवतंय ना?

तुझी सापशिडी. कॉम्प्युटरवर केलेली, रंगीत, साप छान हलतात. मला मोठ्या कौतुकाने खेळायला बसवलंस. माझा फासा पडला १. तुझा पडला १. माझा पुन्हा १. तुझाही. अकरा वेळा झाले, दोघांच्या सोंगट्या मुंगीसारख्या एकेक घर सरकतायत, आणि तू म्हणालास, 'नशीबच नाही सर आज.' नशीब! मी प्रोग्रॅम उघडायला लावला. आत एकच ओळ होती : आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, बाकी घ्या. मग तिला ६ ने भागून बाकीत १ मिळवा, पडला फासा. आणि सुरुवातीची संख्या काय ठेवली होतीस? शून्य. शून्याला १६८०७ ने गुण, नाहीतर आख्ख्या गावाच्या सातबाऱ्याने गुण, यायचं काय? शून्य. त्यात मिळवला १. म्हणून फासा १.

१६८०७ का, असं विचारलं तर म्हणालास, 'सगळे हाच घेतात, सर.' हे उत्तर झालं? सगळे घेतात हे खरंच आहे. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टीम ३६० साठी हीच जोडी निवडली होती, आणि आजच्या सी प्लस प्लसमध्येही ती बसलेली आहे. पण ज्यांनी निवडली त्यांनी विचार करून निवडली. तू उचलली. आयत्या बिळावर नागोबा.

विचार कसला, ते बघ. भागणारी संख्या मूळ आहे, म्हणून तिच्या बाक्यांच्या जगात शून्य नसलेल्या दोघांचा गुणाकार कधीच शून्य होत नाही. त्या खड्ड्यात आपण होऊन कोणी पडत नाही. तू हाताने ढकललंस. दुसरं, गुणायला २ घेतला असतास तर काय झालं असतं? आत्ताच तर बघितलं, ३१ पावलांत परत १. एकतीस फासे पडले की पुन्हा तेच एकतीस, त्याच क्रमाने. पोरांना पाठ झाले असते. ७ घेतलास तर? ७ चे घात १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतच्या प्रत्येक बाकीला एकदा भेटतात, एकही घर चुकवत नाहीत, आणि मगच १ वर परततात. वारकरी वाटेतला एकही मुक्काम चुकवत नाही, तसं. आणि १६८०७ कोण? ७ चा पाचवा घात! पाच-पाच घरं उड्या मारत गेलं तरी सगळी घरं का होतात? कारण २१४७४८३६४६ चे अवयव २, ३, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. गुणून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. त्यात ५ आहे का? नाही. म्हणून पाचाची उडी चालते. तिसराच घात घेतला असतास तर फेरी एकतृतीयांश झाली असती, आणि तुला पत्ताही लागला नसता.

आणि याच अवयवांत तुझ्या शून्य गुणांच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर पडलेलं होतं. संख्या मूळ नसती तर एवढी लांब फेरी तिच्यात झालीच नसती, कारण काही बाक्या तिच्या भाजकांत अडकून पडतात, त्या फेरीत येत नाहीत. म्हणजे एवढंच दाखवायचं की ७ चा २१४७४८३६४६ वा घात १ देतो, आणि त्या घातांकाला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यांनी एकेकदा भागून आलेल्या सात घातांपैकी एकही १ देत नाही. आठ घात. ३७२ सुद्धा नकोत. तुझ्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये पुरावा होता रे. फाशाच्या आत!

'पण सर, हे सगळं आधीच सिद्ध झालंय, मी पुन्हा करून काय उपयोग?' हे राहिलंच होतं, नाही का? उपयोगाची भाषा बार्लो नावाच्या इंग्रजानेही केली होती, १८११ मध्ये. या संख्येपासून जी परिपूर्ण संख्या बनते, तिच्याहून मोठी कधी सापडणार नाही असं त्याने लिहून ठेवलं, कारण असल्या संख्या निव्वळ गमतीच्या, पुढची शोधण्याच्या भानगडीत पडणार कोण? पडले की लोक. १८७६ मध्ये ल्यूकाने २ चा १२७ वा घात वजा १ मूळ ठरवली, एकोणचाळीस अंकी, तीही हाताने. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरांटची जाहीर झाली, घातांक १३६२७९८४१, अंक ४ कोटी १० लाख २४ हजार ३२०. आता तूच सांग, त्या संख्येला कोणी एकेका मूळ संख्येने भागत बसला असेल का? विश्व संपेल. तिथेही संख्येचा स्वभावच कामी आला. ४ घे, वर्ग कर, २ वजा कर, बाकी घे, पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा केल्यावर शून्य आलं तर मूळ. १२७ साठी करून बघ : ४, १४, ६७, ४२, १११, ०. १२७ म्हणजे २ चा सातवा घात वजा १, म्हणून पाच पावलं. हे यंत्राला कोणी शिकवलं? यंत्राने?

'मी अजून शिकतोय' हे तर बोलूच नकोस. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवालांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्याबरोबर कुठलीही संख्या मूळ आहे का हे झपाट्याने आणि खात्रीने ठरवायची रीत दिली. त्यातले दोघे नुकतेच बी.टेक. झालेले. तुझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठे. आणि साधनांची रड असेल तर देवळालीच्या कापरेकर मास्तरांना आठव. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात संख्यांशी खेळले, ६१७४ जगाला दाखवला. कुठला लॅपटॉप होता त्यांच्याकडे?

तू ढ असतास ना, तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. दोन गुण कारुण्याचे देऊन वही परत केली असती. बाकीच्या चौघांना मी तसे दिलेही आहेत, ते त्यांना सांगू नकोस. तुला मात्र शून्यच राहणार. कळतं, पण वळत नाही, आणि न वळण्याला तू 'वेळ नव्हता' असं गोंडस नाव दिलंयस. सापाच्या शेपटीचे रंग निवडायला वेळ होता. रेघा दोनदा मारायला होता.

चल, वही घे. १३०३ आत्ता इथे, माझ्यासमोर कर. ३११ ला केलं तसंच, बाक्यांनी. मग घरी जाऊन २ चा २९ वा घात वजा १ घे. कातालदीने मूळ ठरवलेली तीच. चाळणी तूच लाव, ५८ च्या पाढ्यापासून सुरू कर, आठाची अट विसरू नकोस. किती भागाकारांत तुटते ते उद्या साडेसहाला येऊन सांग. आकडा बघून तुलाच हसू येईल, तेव्हा मी बोलणार नाही.

मोबाइल ठेव त्या फडताळात, आईच्या फोनला मी उत्तर देतो. आणि तो खोडरबर इकडे दे.